क्रमांक सातची पट्टी

४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. पोस्टमनने ते दोन बोटांत धरून आणलं, कारण तुझ्या कचेरीने वर लाल अक्षरांत ‘कीटक विभाग’ असं छापलंय. आत जिवंत काही नाही हे पटवायला मला त्याच्यासमोर दोरी सोडावी लागली. निघालं काय, तर आठ कागदी तंबू, पिवळ्या प्लास्टिकच्या चिकट पट्ट्यांचा गठ्ठा, वासाच्या आठ पुड्या आणि तुझ्या हातच्या सूचना, पाठपोट चार पानं. पट्टीची चिकट बाजू वर ठेवावी, असं त्यात तीनदा लिहिलंय. अरे, एकतीस वर्षं शाळा चालवली मी. तूसुद्धा माझ्याच हाताखालून गेलास.

आई म्हणायची, हा पोरगा नुसत्या माश्या मारत बसतो, याचं पुढे कसं व्हायचं. तिला काय ठाऊक की याला त्याचीच नोकरी लागणार आहे.

तंबू लावले. यंदा फुलं धरली आहेत, धाकट्या. दोन वर्षं थंडीने सगळी करपली होती. यंदा बेचाळीसच्या बेचाळीस पीच फुललेत. हे जाऊन सहा वर्षं झाली, आणि यांनी स्वतः दोरी धरून खड्डे आखलेली ही झाडंच काय ती यांची म्हणून हलती-डुलती उरली आहेत. त्यांना काही झालेलं मला चालायचं नाही. तेव्हा ही तुझी परदेशी माशी काय प्रकरण आहे ते नीट लिही.

एक अडचण. तुझ्या नकाशात क्रमांक सातचा ठिपका बरोब्बर बँडमास्तरांच्या अंजिरावर पडलाय. ते अंजीर कुंपणावरून माझ्याकडे वाकतं, फळं माझ्या अंगणात टाकतं, मी ती परत पलीकडे टाकते, आणि ते गृहस्थ मी दुपारी लवंडले की ट्रम्पेट वाजवतात. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही आणि एका माशीसाठी मी ते सुरू करणार नाही. सातवा तंबू मी कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधलाय. त्यात पहिल्याच दिवशी माझा चांगला उशीचा अभ्रा सापडला.

घरच्या मंडळींना आशीर्वाद. तू स्वेटर घालतोस की नाही? लोभ आहेच, तो असू दे, आणि उत्तर वेळेवर दे.

तुझी,
ताई


१२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं, ही चूक झाली. आता इथली मुलं मला ‘पट्टीची बाजू कुठली, सर’ असं येता-जाता विचारतात.

माशीचं नीट सांगतो. ती घरातल्या माशीपेक्षा लहान असते. आपल्याकडे ती नव्हती, कुणाच्या तरी पिशवीतल्या फळातून आली. पिकत आलेल्या फळाला बारीक छिद्र पाडून आत अंडी घालते. फळ वरून देखणं राहतं आणि आत अळ्या वळवळतात. एकदा ती मुलुखात बसली की उठत नाही. म्हणून आधी तंबू लावायचे. त्या वासाला फक्त नर येतात आणि पट्टीला चिकटतात. दर दुसऱ्या शनिवारी तू पट्टी बदलायची, जुनी माझ्याकडे पाठवायची, आणि मी भिंगाखाली धरून त्यावर कोण कोण आहे ते बघायचं. तंबू माशी संपवत नाही, ती आली आहे एवढंच सांगतो.

आता जे लिहितो ते लपवून उपयोग नाही. एका बागेत दोन नर सापडले की आमचा नियम असा, की त्या बागेच्या भोवतालच्या वर्तुळातलं प्रत्येक फळ उतरवून पुरायचं. आणि पुढच्या मोहराला माशी पुन्हा दिसली, तर झाडं तोडायची. मी हा नियम सतरा बागांत वाचून दाखवलाय. अठरावी माझ्या बहिणीची नको, म्हणून तर तंबू पाठवले. लवकर कळलं तर वर्तुळ लहान राहतं. उशिरा कळलं तर दहा गावं जातात.

म्हणून क्रमांक सात खांबाला चालणार नाही. खांबाला फळं लागत नाहीत. अंजीर सगळ्यांत आधी पिकतं, माशी आली तर तिथेच येईल. बोलू नकोस हवं तर, पण फांदी मिळव.

पुढच्या वर्षी मे अखेर मी निवृत्त होतोय. तोवर साहेबांपुढे माझी मान खाली जाईल असं काही होऊ नये, एवढीच इच्छा. स्वेटर घालतो. माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


३० एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फांदी मिळाली. मी तोंड उघडलं नाही. कागदावर लिहून चिठ्ठी कपड्यांच्या चिमट्याने कुंपणाच्या तारेला लावली, की सरकारी कामासाठी आपल्या अंजिराची एक फांदी हवी आहे, आपण नको. संध्याकाळी त्याच चिमट्यात उत्तर. अक्षर बरं आहे त्यांचं, हे मान्य करायला हवं. फांदी देण्यास हरकत नाही, मात्र दुपारच्या सरावावरून खिडकी आपटणे बंद व्हावे. मी लिहिलं, सराव चार नंतर. त्यांनी लिहिलं, साडेतीन. साडेतीनवर मिटलं.

तंबू बांधायला मी स्टूल घेऊन गेले तर गृहस्थ तिथे हजर. एक शब्द न बोलता स्टूल धरून उभे राहिले. मिश्यांना काहीतरी लावतात, मेण असावं, वास येतो.

पहिल्या आठ पट्ट्या सोबत पाठवत आहे. बघ, कशा लख्ख आहेत. साहेबाची बहीण म्हणून कसंतरी काम उरकलं, असं कुणी म्हणायला नको.

आणि हो, घरात दात घासायचे जुने ब्रश असतील तर टाकू नकोस, इकडे पाठव. लागतात.

पीचची फळं बोराएवढी झाली आहेत. मी रोज सकाळी एक फेरी मारते आणि उगाचच मोजते. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


२९ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अभिनंदन. तिन्ही वेळच्या पट्ट्या मिळाल्या. चोवीस पट्ट्या, आणि चोवीसही कोऱ्या. परदेशी माशी सोड, साधं चिलट नाही. प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली की अशा पट्ट्या तिने फक्त कारखान्यातून येताना पाहिल्यात. मी तिला सांगितलं की माझी ताई नाकावर माशी बसू देत नाही, तर बागेत काय बसू देणार.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी भिंतीवरच्या नकाशात तुझ्या बागेवर हिरवी टाचणी लावली. सगळ्या मुलुखात तुझी बाग नमुन्याची बाग ठरली आहे.

एकच तक्रार, तुझ्याविषयी नाही. पट्ट्यांवरचा गोंद साफ उडालाय. उन्हाने वितळत असावा. मी गोंदवाल्यांना कडक पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की त्यांचा गोंद घोड्याला धरून ठेवील. मी पुन्हा लिहिलं. आता आमचं जुंपलंय.

ब्रश डझनभर जमवून पाठवले. काही आमचे, काही शेजाऱ्यांचे. कशाला लागतात ते काही तू लिहिलं नाहीस.

फळं मोजत जाऊ नकोस, दृष्ट लागेल. मला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझा,
धाकटा


२० जून

माननीय कीटक अधिकारी यांस, स. न. वि. वि.

मी आपल्या भगिनींचा शेजारी, निवृत्त बँडमास्तर. कुणाच्या कामात नाक खुपसण्याची मला सवय नाही. चाळीस वर्षे मी पथक चालवले. वाजवता वाजवता कुणाचा सूर चुकला तर मी वाजणे थांबवत नसे, पण नंतर त्याला बाजूला घेत असे. प्रस्तुत प्रकरणी बाईंना बाजूला घेण्याची माझी छाती होत नाही, म्हणून आपणांस लिहितो.

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी बाई आठही तंबूंतल्या पट्ट्या गोळा करतात. नंतर मागच्या नळावर बसून, बाह्या वर सारून, प्रत्येक पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसतात, ब्रशाने घासतात, साबणाच्या पाण्यातून काढतात आणि कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालतात. काम करताना गुणगुणतात. सुरात गुणगुणतात, हे नमूद करतो. दुपारी पट्ट्या वाळल्या की पाकिटात घालून पोस्टात देतात.

ही आपल्या खात्याची पद्धत असेल तर मी क्षमा मागतो. परंतु माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे उंदीर सोडून देऊन रिकामा पिंजरा कचेरीत पाठवण्यासारखे हे होते. शिवाय यंदा माझे अंजीर वेळेआधी मऊ पडून गळत आहे, तेही आपल्या कानावर घालतो.

हे पत्र माझे आहे असे बाईंना कळू नये. अकरा वर्षांनी चिठ्ठीपुरते का होईना बोलणे सुरू झाले आहे.

आपला नम्र,
शेजारी


२३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही. एकच विचारतो, त्याचं सरळ उत्तर दे. तू पट्ट्या माझ्याकडे पाठवण्याआधी धुतेस का?

तसं असेल तर मी दोन महिने साबणाने धुतलेलं प्लास्टिक भिंगाखाली धरून बसलोय. तुमच्या सगळ्या मुलुखात माशी नाही असा दाखला मी दहा तारखेला सही करून दिला. त्या सहीवर पाच जुलैला दहा गावांची फळं बाहेर निघतील. तुझी बाग नमुन्याची म्हणून मी इतरांच्या पट्ट्यांकडेही जरा सैलच पाहिलं, हेही कबूल करतो. बिचाऱ्या गोंदवाल्यांना तर मी काय काय लिहून बसलोय.

उत्तर परतीच्या टपालाने दे.

धाकटा


२६ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हो, धुते.

तुला हे कुणी कळवलं ते मी विचारत नाही. माझ्या नळावर उघडणारी खिडकी एकच आहे आणि तिच्यात मिश्या असतात.

तुझं पत्र आलं तेव्हा मला आधी रागच आला. तू चार पानं सूचना लिहिल्यास. चिकट बाजू वर, तंबू सावलीत, पुडीला हात लावू नये, सगळं लिहिलंस. धुऊ नये असं कुठे लिहिलं होतंस? पट्टी उतरवली तर तिच्यावर मेलेल्या किड्यांचा चिखल. असली घाण पाकिटात घालून, वर आपलं नाव लिहून, माणसांच्या हातात द्यायची? एकतीस वर्षांत माझ्या शाळेतून एक डाग पडलेला कागद बाहेर गेला नाही. मला वाटलं, तुला पट्ट्या परत हव्यात. पुन्हा वापरत असशील.

मग दोन तास बागेत बसले आणि लक्षात आलं, की सूचना न लिहिण्याएवढा विश्वास तू माझ्या डोक्यावर टाकला होतास. चूक माझी आहे. लाज वाटली, ती इथे लिहून ठेवते.

पण धाकट्या, मी घाण पाठवत नाही, तशी मोजल्याशिवाय टाकतही नाही. प्रत्येक पट्टी पुसण्याआधी तिच्यावर काय होतं ते मी शाळेच्या उरलेल्या एका वहीत उतरवून घेतलं आहे. तारीख, तंबूचा क्रमांक, किती किडे, आणि प्रत्येक जातीचं एकेक चित्र, रंगीत पेन्सिलींनी. वही सोबत पाठवते आहे. नावं मला येत नाहीत म्हणून मीच ठेवली. ‘लांबटांग्या’ म्हणजे बहुतेक साधा डास. ‘हेडक्लार्क’ म्हणजे तो काळा, ढेरपोट्या.

पान अकरा बघ. क्रमांक सात, पंचवीस मेची खेप. एकच होता, पण काय नटवा होता. पंखांवर पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या-चंदेरी ठिपक्यांची नक्षी, डोळे जांभळट. आवडला म्हणून मी त्याला अख्खं पान दिलं. आठ जूनला तसाच दुसरा आला, पान चौदा.

तो तो नसू दे. ताई


३० जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तो तोच आहे.

इतकं सुरेख चित्र आमच्या पुस्तकातही नाही. प्रयोगशाळेतल्या मुलीने पंखावरचे पट्टे मोजले आणि खुर्ची ओढून खाली बसली. दोन तारखा, दोन नर. नियम तुला ठाऊक आहे.

वही घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, ‘हेडक्लार्क’पाशी हसले, आणि दार लोटून घेतलं. म्हणाले की रंगीत पेन्सिलीचं चित्र म्हणजे काही पुरावा नव्हे. किडा कुठे आहे? तो तर रॉकेलात गेला. कागदावर बाग स्वच्छ आहे, सही झालेली आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. वही एका सेवानिवृत्त बाईंचा छंद म्हणून परत पाठवावी आणि पुढच्या वर्षी नीट बघावं. त्यांनी हुकूम केला नाही. फक्त वही माझ्याकडे सरकवली.

ताई, मी जेवणाच्या सुट्टीभर त्या पान अकराकडे बघत बसलो. डबा उघडला नाही. वही परत पाठवली तर तुझी फळं तुझ्या झाडांवर राहतात, माझी सही राहते, आणि मी हार घालून घरी जातो. कळवलं तर दोन दिवसांत माणसं येऊन तुझी बाग ओरबाडतील, आणि पुढच्या मोहराला माशी दिसली तर भावजींनी आखलेले ते खड्डे पुन्हा रिकामे होतील. सतरा बागांत मी नियम वाचला तेव्हा माझा आवाज कधी हलला नव्हता. आज मनातल्या मनात वाचतानाही हलतोय.

दाखला मागे घ्यायला तीन तारखेपर्यंत वेळ आहे. बाग तुझी आहे. तू सांगशील तसं करीन.

तुझा,
धाकटा


२ जुलै

धाकट्यास,

हे पत्र पोस्टाने जात नाही. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्या हातात देईल.

तू तिसरीत होतास. मी बावीस वर्षांची, नोकरीचा पहिला महिना. पाढ्यांच्या परीक्षेत तू शेजारच्याचं बघून लिहिलंस आणि मी वर्गासमोर सख्ख्या भावाला शून्य दिलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू मात्र त्याच संध्याकाळी माझ्यापाशी आलास आणि तेराचा पाढा न अडखळता म्हटलास, कुणी न सांगता. त्या दिवसापासून मला तुझी काळजी वाटली नाही. आज वाटली.

मला विचारायचं काय त्यात? खरं ते लिही. झाडं माझी आहेत, पण ती दहा गावं माझी नाहीत.

डबा खाऊन घे.

ताई


२० जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

झालं सगळं. तुझी बारा माणसं आली होती. फाटकातून आत घेण्याआधी मी त्यांना ओळीत उभं केलं आणि हात बघितले. त्यांचा मुकादम म्हणाला की फळं पुरायचीच आहेत, तर हात स्वच्छ कशाला. मी म्हटलं, माझ्या यजमानांनी लावलेल्या झाडांना हात लावणार आहात म्हणून. सगळे नळावर गेले.

खरं सांगू? सकाळी फळं भरलेली झाडं पाहून मला वाटलं होतं की तुझी ती प्रयोगशाळेतली मुलगी चुकली असेल. एवढी लालचुटूक, एवढी गोल फळं. मी हातात एक घेतलं, यांच्या आवडत्या झाडाचं, विहिरीजवळच्या. सुरी आणून कापलं. आत पाच अळ्या होत्या. मी अर्धं बँडमास्तरांच्या हातात दिलं, कारण तेच जवळ उभे होते. त्यांनी बघितलं आणि टोपी काढली. मग मी रडले. सहा वर्षांत लोकांदेखत रडले नव्हते, ते फळासाठी रडले.

त्यांचंही अंजीर पार उतरवलं. काळ्या पिशव्या, चार दिवस उन्हात, मग खड्डा. खड्डा कुंपणापाशी खणला, अर्धा माझ्यात अर्धा त्यांच्यात, त्यासाठी तार काढावी लागली. ती अजून परत लावलेली नाही, माणसं विसरून गेली वाटतं. शेवटची पिशवी पडल्यावर बँडमास्तरांनी ट्रम्पेट आणून काहीतरी संथ वाजवलं. दुपारचे अडीच वाजले होते. मी खिडकी आपटायला घरात नव्हतेच.

मी त्यांना चहा दिला. त्यांनी पत्र लिहिल्याचं कबूल केलं. मी म्हटलं, उंदराची उपमा बरी नव्हती. ती मला कशी कळली म्हणून ते चपापले. अरे, तूच नाही का आमच्या कागदपत्रांबरोबर त्यांच्या पत्राची नक्कल मला पाठवलीस, कचेरीचा शिक्का मारून! तुम्हां भावांना अक्कल देताना देवाने हात आखडता घेतला. साहेब तुला काय म्हणाले ते तू लिहीत नाहीस. लिही.

आता वाट बघायची, पुढच्या मोहरापर्यंत. मला ती फार जड जाणार आहे. लोभ वाढता ठेव, आता त्याची गरज आहे.

तुझी,
ताई


३१ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आज माझा कचेरीतला शेवटचा दिवस. साहेबांनी हार घातला. गेल्या जुलैत त्यांनी मला खाली तळघरात बसवलं होतं, ते तुला लिहिलं नाही. दाखला मागे घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं आणि खाली चूक माझी असं लिहिलं. हिवाळाभर तळघरात एकटाच होतो, स्वेटर कामाला आला. पण तुझ्या वर्तुळाबाहेर एकाही गावात माशी निघाली नाही. एकाही नाही, ताई. मार्चमध्ये साहेब स्वतः खाली आले, खुर्ची झटकली आणि म्हणाले, वर चला. गोंदवाल्यांना मी क्षमेचं पत्र लिहिलं, त्यांनी मला गोंदाची बाटली भेट पाठवली आहे.

तुझ्या या मोहरातल्या शेवटच्या आठ पट्ट्या मी मुद्दाम आजच्यासाठी ठेवल्या होत्या. न धुतलेल्या. काय त्यांचं रूप वर्णावं. पोस्टमनने पाकीट चिमट्यात धरून आणलं. प्रयोगशाळेतली सगळी माणसं माझ्या मागे उभी होती. मी बाकीच्या सात पट्ट्या तपासल्या आणि क्रमांक सातची सगळ्यांत शेवटी घेतली. भिंग त्या मुलीने धरलं. तिथे होतं ते असं: लांबटांगे त्रेसष्ट, हेडक्लार्क नऊ, चिलटं अगणित, अंजिराच्या पानाचा तुकडा, पीचच्या दोन वाळक्या पाकळ्या.

तो नटवा: शून्य.

रकान्यात मी ते शून्य स्वतःच्या हाताने काढलं आणि खाली सही केली. नोकरीतली शेवटची. झाडं राहिली, ताई. बेचाळीसच्या बेचाळीस. आता खुशाल फळं मोज.

एक नोंद मात्र रकान्यात बसेना. क्रमांक सातच्या पट्टीवर माणसाचा एक केस आहे. पांढरा, दोन बोटं लांब, टोकाला वळलेला, आणि भिंगाखाली त्यावर मेण दिसतं. तुझे केस असे नाहीत. पट्टी तर तू बदलतेस, मग स्टूल धरणाराचं तोंड पट्टीपर्यंत पोचलं कसं? त्या वासाला फक्त नर येतात, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. खुलासा व्हावा.

आता मला दुसरं काम नाही. तेव्हा येतो, आणि पीच पिकेपर्यंत राहतो. जागा आणि माया दोन्ही ठेव.

तुझा,
निवृत्त धाकटा


४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ये. मागची खोली झाडून ठेवली आहे. रोज दुपारी साडेतीनला ट्रम्पेट असतं, तेव्हा झोपायचं ते त्याआधी.

तुझं पत्र मी यांच्या आवडत्या, विहिरीजवळच्या झाडाखाली बसून वाचलं आणि यांनाही वाचून दाखवलं. शून्यापाशी आले तेव्हा पुढचं दिसेना. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिसरीतलं ते शून्य मी आज मागे घेते.

केसाबद्दल. स्टूल आता मी धरते, माझे गुडघे चढू देत नाहीत. पट्टी उतरवल्यावर तो केस मला दिसला होता. काढणार होते, चिमटा हातातही घेतला होता. पण तूच सांगितलंस ना, कशालाही हात लावू नकोस.

तुझी,
ताई